मोर्चा नंतर, आधी आवक क्रमांक

पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मी ३६ वर्षांची. पुण्यातल्या धायरीत सहा वर्षं राहते, नोकरी खराडीला, हिशेब विभागात. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गुइलेन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण सापडले, तेव्हा पाण्याच्या प्रश्नावरच्या एका मोर्चाला गेले होते. घोषणा झाल्या, फोटो निघाले, पुढे काय झालं ते कोणालाच माहीत नाही. २०२६ च्या जानेवारीत महापालिकेच्या निवडणुकीत रांगेत उभं राहून चार मतं दिली. आमच्या सोसायटीपासून बसथांब्यापर्यंतच्या चारशे मीटरच्या रस्त्याला पदपथ नाही, तीन दिवे बंद आहेत, पावसाळी चेंबरचं झाकण फुटलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर २१२ जणांचा ग्रुप आहे, बैठकीला चार जण येतात. मला काहीतरी करायचंय. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि रविवारची सकाळ देऊ शकते. सुरुवात कुठून करू? शेजारी म्हणतात, पक्षात गेल्याशिवाय कोणी विचारत नाही. मागच्या वस्तीत आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई राहतात, त्यांच्यासाठीही काही व्हावं असं वाटतं. यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, त्यांना त्रास होईल का? आणि आमच्या गटाला एखादं छानसं नाव सुचवा."
– स. क., धायरी

ताई,

बैठकीला येणारे ते चार जण हीच तुमची संघटना. उरलेल्या २०८ जणांवर चिडू नका आणि त्यांच्यासाठी थांबूही नका. प्रभागातली बहुतेक कामं पाच-सात चिकट माणसांनी तडीस नेलेली असतात. बाकीचे सह्या देतात, कधी शंभर रुपये देतात, काम झाल्यावर फोटोला येतात. एवढं मिळालं तरी पुष्कळ.

पत्रात रस्त्याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, पण सुरुवात तिथूनच आहे. वर्षभरासाठी तो चारशे मीटरचा रस्ता धरा, दुसरं काही नको. नवे गट बुडतात ते बहुतेक इथेच: पहिल्याच बैठकीत पाणी, कचरा, वाहतूक, भटकी कुत्री, टेकडी, नदी अशी वीस विषयांची यादी होते आणि दिवाळीपर्यंत एकाही विषयाची फाइल तयार नसते.

पहिलं काम म्हणजे रस्त्यावरच्या प्रत्येक दोषाचा धनी शोधणं. दिव्याचा खांब महापालिकेच्या विद्युत विभागाचा, पण त्याच्या शेजारची डीपी महावितरणची. बसथांबा पीएमपीचा. सिग्नलचे सेकंद वाहतूक पोलिसांचे. चेंबरचं झाकण ड्रेनेजवाल्यांचं. मोठे रस्ते महापालिकेच्या मुख्य पथ विभागाकडे असतात, गल्लीरस्ते क्षेत्रीय कार्यालयाकडे. चुकीच्या टेबलावर अर्ज गेला तर तो तिथेच पडून राहतो आणि तुम्हाला वाटतं, आपलं कोणी ऐकत नाही.

धायरीला आणखी एक खोच आहे. गावाचा उरलेला भाग २०१७ मध्ये महापालिकेत घेतलेल्या अकरा गावांमध्ये आला. ग्रामपंचायतीच्या काळातले कितीतरी रस्ते वापरात आहेत, डांबरही पडलंय, पण खालची जागा कागदावर अजून खासगी मालकाची आहे. अशा ठिकाणी पदपथ मागितला की "जागा ताब्यात नाही" एवढं तीन शब्दांचं उत्तर येतं आणि विषय संपतो. म्हणून रस्ता पूर्ण रुंदीने महापालिकेच्या ताब्यात आहे का, हा प्रश्न सर्वांत आधी विचारा. नसेल तर पदपथाची मागणी थोडी बाजूला ठेवून भूसंपादन कुठल्या टप्प्यावर आहे ते विचारायचं. दिवे आणि झाकण मात्र त्यासाठी अडून राहत नाहीत.

रविवारी सकाळी पाचही जण तो रस्ता चालत जा. सोबत मोजपट्टी, वही आणि फोन. दिव्याच्या खांबावर क्रमांक रंगवलेला असतो, तो टिपा. "मेडिकलसमोरचा दिवा" असं लिहिलं तर वायरमन दुसराच दिवा बघून जातो. झाकणाचा फोटो काढताना मागे दुकानाची पाटी किंवा गेट येऊ द्या आणि शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे भोक किती मोठं ते दिसेल. बंद दिव्यांचे फोटो अर्थातच रात्रीचे हवेत, आणि एकाच रात्रीचे नकोत. दोन वेगवेगळ्या तारखांचे असले की "त्या दिवशी लाइट गेली होती" हे उत्तर बाद होतं.

मग तक्रार. महापालिकेच्या १८०० १०३० २२२ या टोल फ्री क्रमांकावर किंवा तिच्या पीएमसी केअर अ‍ॅपवर ती नोंदवली की टोकन क्रमांक मिळतो. दिवे आणि झाकण यांना हा मार्ग पुरतो. इथे एकच दगा होतो: काम न होताच तक्रार "निकाली" दाखवली जाते. तसं झालं तर स्क्रीनशॉट आणि त्याच दिवशीचा फोटो शेजारी-शेजारी ठेवून तक्रार पुन्हा उघडा. दोनदा असंच झालं की ते दोन टोकन क्रमांक लिहून कागदी निवेदन द्यायचं.

निवेदन एका पानाचं. वर "प्रति, महापालिका सहायक आयुक्त, सिंहगड रस्ता क्षेत्रीय कार्यालय", खाली विषय एका ओळीत, मग ठिकाण, दोष, आधीचे टोकन क्रमांक, आणि नेमकं काय हवं ते. "योग्य ती कार्यवाही व्हावी" असं लिहिलंत तर योग्य ती कार्यवाही म्हणजे तुमचं पत्र खालच्या टेबलाकडे पाठवणं. त्याऐवजी "खांब क्रमांक अमुक ते तमुक हे तीन दिवे सुरू करावेत आणि केल्याची तारीख लेखी कळवावी" असं लिहा. सह्यांसोबत नाव, घर क्रमांक, मोबाइल. त्या रस्त्यावर खरोखर राहणाऱ्या चाळीस जणांच्या सह्यांना जेवढं वजन असतं, तेवढं ऑनलाइनच्या चार हजारांना नसतं, कारण ते चाळीस जण मतदारयादीत त्याच भागात असतात. कागदाच्या दोन प्रती न्यायच्या. एक आवक-जावक टेबलावर द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊनच परत फिरायचं. साहेबांच्या हातात दिलेला, हसून स्वीकारलेला आणि फोटो काढलेला कागद पोहोच नसेल तर दिला नाही असंच धरा. मोर्चातली निवेदनं बहुतेक अशीच हरवतात. तुमच्या पाण्याच्या मोर्चाचं काय झालं हे कोणालाच माहीत नाही, त्याचं कारण हेच असावं. त्यानंतर कोण कुठल्या टेबलावर गेलं, हे कोणी ठरवलंच नव्हतं.

पंधरा दिवसांनी कनिष्ठ अभियंत्याला भेटा. त्याच्याकडे तुमच्यासारखे शेकडो अर्ज असतात आणि हाताखाली माणसं मोजकी. त्याच्याशी भांडून काही मिळत नाही, पण "एस्टिमेट केलंय का? कुठल्या बजेटहेडमधून करणार?" असं विचारलंत की तो सावरून बसतो. उत्तर दोनपैकी एक असतं: निधी नाही, किंवा काम आधीच मंजूर आहे. दोन्हींची शहानिशा करता येते.

त्यासाठी फाइल बघायची. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांनी कार्यालयात येऊन कागद पाहण्याची सोय पुणे महापालिकेत आधी सुरू झाली, आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने जिल्हा कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना तीच पद्धत लावली. ही सोय अजून चालू आहे का ते आधी विचारून घ्या. टेबलावरच्या माणसाला हे ठाऊक नसलं तर त्या परिपत्रकाची प्रत दाखवा, आवाज चढवायची गरज पडत नाही. फोनने पानांचे फोटो काढायची परवानगी विचारून घ्या. सोमवारी सुट्टी काढणं तुम्हाला जमणार नाही. तुमच्या चौघांत कोणी निवृत्त असेल तर हे त्यांचं काम. पुण्यात निवृत्त आणि चिकाटीचे लोक मिळायला अडचण नाही.

तिथे काम भागलं नाही तर माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा. साध्या कागदावर अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. उत्तराला ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल तर तो त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. नवखे लोक हमखास चुकतात ते प्रश्नाच्या भाषेत. "रस्ता का केला नाही?" याला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही, कारण "का" असा कागद फाइलमध्ये नसतो. कागद मागा. मजकूर साधारण असा:

"अमुक चौक ते तमुक बसथांबा या रस्त्यावर १ एप्रिल २०२३ पासून आजपर्यंत झालेल्या कामांचे कार्यादेश, मोजमाप पुस्तकाची पाने, ठेकेदारास अदा केलेली देयके आणि दोष दायित्व कालावधी दर्शवणारी कागदपत्रे यांच्या प्रती मिळाव्यात."

यातला शेवटचा कागद सोन्याचा. काम केल्यानंतर ठरावीक मुदतीपर्यंत ते बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं. तुमचं झाकण त्या मुदतीत फुटलं असेल तर निधी नाही हे उत्तरच लागू होत नाही. प्रतींना पानामागे २ रुपये. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे ९० दिवसांत करता येतं, पण तिथे रांग मोठी आहे. रस्त्याच्या कामासाठी तेवढं थांबण्यापेक्षा नव्याने नेमका अर्ज केलेला बरा.

आता पैशांचं पंचांग, कारण खरी गाडी इथेच चुकते. महापालिकेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, पण पुढच्या वर्षात काय असणार हे आदल्या पावसाळ्यापासून ठरायला लागतं. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात अर्ज मागवतात, क्षेत्रीय कार्यालयात आणि ऑनलाइन. एका कामाला पाच लाखांची मर्यादा. चारशे मीटरचा पदपथ पाच लाखांत बसत नाही, तेव्हा तो तसाच्या तसा मागितला तर अर्ज बाजूला पडतो. तुकडे करा: चेंबरची झाकणं बदलून रस्त्याच्या पातळीला आणणं हे एक काम, बसथांब्याजवळच्या अंधाऱ्या भागात दोन नवे दिवे हे दुसरं. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, प्रत्येकासोबत नकाशा आणि फोटो. सोसायटीच्या आतलं काही मागू नका, खासगी जागेत हा पैसा जात नाही. अर्ज दिल्यावर अभियंत्याकडून जागेची पाहणी होते, तेव्हा हजर राहा. पाहणीच्या वेळी कोणी भेटलं नाही की शेरा पडतो "व्यवहार्य नाही", आणि तो शेरा कोणी तुम्हाला कळवत नाही.

पदपथासारखं मोठं काम मुख्य अंदाजपत्रकात किंवा नगरसेवकांच्या "स" यादीत यावं लागतं. "स" यादी म्हणजे नगरसेवकांनी आपल्या प्रभागासाठी सुचवलेल्या कामांची यादी. बाकडी आणि कापडी पिशव्या पुण्यात एवढ्या का दिसतात, याचं उत्तर या यादीत सापडतं. आयुक्त साधारण जानेवारीच्या आसपास अंदाजपत्रक स्थायी समितीला देतात, मग ते मुख्य सभेकडे जातं. म्हणजे नगरसेवकांकडे जायचं ते दिवाळीच्या आगेमागे. मार्चमध्ये गेलात तर सहानुभूती मिळेल, निधी नाही.

तरतूद झाली म्हणजे काम झालं असं समजू नका. वर्षाच्या मध्यात एका कामाचा पैसा दुसरीकडे वळवतात, त्याला "वर्गीकरण" म्हणतात. तुमचे पदपथाचे पैसे असेच कुठल्यातरी कमानीला जाऊ शकतात. म्हणून ऑक्टोबर ते जानेवारी या काळात दर महिन्याला एकच प्रश्न घेऊन जायचं: निविदा निघाली का, कार्यादेश झाला का. कार्यादेश निघालेलं काम सहसा वळवलं जात नाही.

चार नगरसेवकांचं काय करायचं? चार सदस्यांच्या प्रभागात प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवू शकतो. म्हणून एकच निवेदन चौघांना एकाच दिवशी द्यायचं, आणि प्रत्येकाच्या प्रतीवर बाकी तिघांची नावं "प्रत माहितीसाठी" म्हणून लिहायची. ज्याचा फोन आधी येईल त्याच्याबरोबर पुढे जा. काम झाल्यावर "यांच्या विशेष प्रयत्नांतून" असा फ्लेक्स लागेल. लागू द्या. श्रेयावरून भांडणाऱ्या गटांची पुढची कामं अडतात. आपल्याकडे तारखांची फाइल असते, प्रभागात ज्यांना कळायचं त्यांना कळतं. २०२२ च्या मार्चपासून जवळपास चार वर्षं महापालिकेत प्रशासक होते, दाद मागायला निवडून आलेलं कोणी नव्हतं. आता चौघं आहेत तर त्यांना कामाला लावा.

कायद्यात प्रभाग समितीवर त्या भागात काम करणाऱ्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. ती पदं पक्षाच्या कार्यकर्त्यांची सोय लावायला वापरली जातात ही ओरड जुनी आहे, तरी बैठकांच्या तारखा आणि इतिवृत्त मागत राहा. क्षेत्रसभाही कायद्यात आहे, प्रत्यक्षात ती कुठे भरत नाही. क्षेत्रीय कार्यालयाची मोहल्ला समितीची बैठक होते का, कधी होते, हेही विचारून ठेवा. तिथे मांडलेला प्रश्न इतिवृत्तात आला की नाही ते पुढच्या बैठकीत बघायचं, नाहीतर गप्पा मारून लोक चहा पिऊन घरी जातात.

आता वस्तीबद्दल, आणि इथे थोडं स्पष्ट बोलतो. सोसायटीवाल्यांच्या पदपथाच्या मोहिमेतून पुण्यात अनेकदा निघतं काय, तर अतिक्रमण विभागाची गाडी. पदपथ मिळायचा तेव्हा मिळतो, भाजीवाली मावशी मात्र दुसऱ्याच दिवशी उठते. ती मावशी तुमच्या मागच्याच वस्तीतली असते. निवेदनात "अतिक्रमण हटवा" हे वाक्य सहज शिरतं, शेजारीच ते घालायला लावतील. घालू नका. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, नगर पथविक्रेता समिती आहे. प्रमाणपत्र असलेल्या विक्रेत्याला जागा राखून पदपथाची आखणी मागता येते. बसथांब्याजवळ दीड मीटर मोकळी वाट आणि मागे ठेल्यांची ओळ, असं रेखाटन जोडलंत तर सह्यांत वस्तीतली माणसंही येतात. तो अंधारा रस्ता पहाटे पाचला कामावर निघणाऱ्या बायकांना तुमच्यापेक्षा जास्त टोचतो.

बैठकही त्यांना जमेल अशी ठेवा. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रात्री साडेआठला बोलावलं तर वस्तीतून कोणी येणार नाही. आधी गेटवर वॉचमन नोंद करायला सांगतो, तिथेच अर्ध्या परत फिरतात. मंदिराच्या ओट्यावर किंवा अंगणवाडीत, दुपारी चारच्या सुमाराला, बायकांची धुणीभांडी आणि पाण्याची वेळ सांभाळून. आधी अंगणवाडी सेविका, आशाताई आणि "स्वच्छ"च्या कचरावेचक ताई यांना भेटा. कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आणि तिची सहकारी संस्था "स्वच्छ" २००८ पासून या शहरात दारोदार आहे. कुठल्या घरात कोण आजारी, कुठे नळ नाही, हे त्यांना नगरसेवकाच्या आधी कळतं.

मदत काय करायची? धान्याची पाकिटं आणि वह्या वाटण्याचे फोटो काढणारे पुष्कळ आहेत. कमी आहेत ते कागद नीट करून देणारे, आणि तुम्ही हिशेबाच्या माणूस आहात. महिन्यातल्या एका रविवारी दोन तास अर्जांचं टेबल मांडा. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंपासूनच सुरुवात होते: २००८ च्या कायद्याने घरकामगार कल्याण मंडळ आहे, १८ ते ६० वयाच्या घरकामगारांची नोंदणी होते. त्याला वयाचा आणि राहण्याचा पुरावा, फोटो आणि जिथे काम करतात तिथला दाखला लागतो. अर्ज बहुतेक वेळा अडतो तो या दाखल्यावर. बाई मागायला संकोचतात, मालकीण "उगाच कायद्याच्या भानगडीत नको" म्हणते. सोसायटीतल्या दहा घरांकडून दाखले सही करून घेणं हे काम बाहेरचा कुठलाही कार्यकर्ता तुमच्याइतकं सहज करू शकत नाही. पुण्यात मोलकरणींची संघटना १९८० च्या संपापासून आहे, तिच्या कार्यकर्त्यांना विचारल्याशिवाय नवा कारभार मांडू नका.

दुसरं काम आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत राखलेल्या २५ टक्के प्रवेशांचं. उत्पन्नाच्या अटीवर अर्ज करायचा तर एक लाखाच्या आतला तहसीलदारांचा दाखला हवा, आणि तो प्रवेश सुरू झाल्यावर काढायला गेलं की मुदत निघून जाते. तो डिसेंबरपर्यंत हातात पाहिजे. अर्जात घराचं ठिकाण नकाशावर चुकीचं टेकवलं तर शाळेचं अंतर चुकतं आणि सोडतीत नंबर लागूनही पडताळणीत प्रवेश रद्द होतो. नकाशावरची ती टाचणी दोघांनी तपासायची.

टेबलावर पाळायचे नियम थोडे पण कडक. मूळ कागद कोणाचाही ठेवून घ्यायचा नाही. आधारचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये किंवा ग्रुपवर घ्यायचा नाही. अर्ज त्यांच्याच फोनवरून, त्यांचाच नंबर टाकून भरायचा, कारण पुढचे ओटीपी आणि निरोप त्याच नंबरवर येतात. तुमचा नंबर टाकलात तर वर्षभराने तुम्ही नकळत एजंट झालेल्या असता. आणि "होऊन जाईल" असं कोणालाही म्हणायचं नाही. "अर्ज गेला, हा क्रमांक, या तारखेला चौकशी करा" एवढंच.

पैसे लागतील ते झेरॉक्स, स्टॅम्प आणि चहा. पाच जणांनी दोन-दोनशे काढले तरी कित्येक महिने जातात. वर्गणीची घाई नको. सार्वजनिक देणग्या गोळा करायच्या तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, गणेश मंडळांनाही ती घ्यावी लागते. जे काही जमेल ते वहीत, बिलासकट, आणि महिन्याच्या शेवटी वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर. एकाच्या खात्यावर यूपीआयने पैसे घेतले जात असतील तर हिशेब दुसऱ्याने ठेवायचा. भांडणं दोन हजारांवरूनच होतात. नगरसेवकाने किंवा इच्छुकाने तंबू, खुर्च्या, नाश्ता देऊ केला तर नम्रपणे नको म्हणा, पुढचा फ्लेक्स तुमच्याच बैठकीचा असतो.

पक्षाचं शेजारी म्हणतात ते अर्धं खरं आहे. पक्षाच्या माणसाला दारातून लवकर आत घेतात. पण तो दुसऱ्या पक्षाच्या नगरसेवकाच्या दारात उभा राहू शकत नाही, आणि तुमच्याकडे चार दारं आहेत. आमचं मत: पहिलं वर्ष बिनपक्षाचं काढा. त्यानंतर एखाद्या पक्षाचा विचार खरोखर पटत असेल तर जरूर जा, चांगल्या माणसांनी पक्षांत जायलाच हवं. फक्त तसं उघड सांगा आणि गटाचं निमंत्रकपद त्या दिवशी सोडा. मतदारयादीचं काम मात्र आतापासून करता येतं: नवं नाव नमुना ६, वगळणं ७, पत्ता बदल किंवा दुरुस्ती ८. आता वर्षात चार पात्रता तारखा असतात, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली. तुमच्यासारखे सहा वर्षांपूर्वी आलेले कितीतरी जण अजून जुन्या पत्त्यावर मतदार आहेत. ज्याचं नाव प्रभागात नाही त्याची सही निवेदनावर असून नसल्यासारखी.

मोर्चाची वेळ कधी येते? सगळे आवक क्रमांक संपल्यावर, किंवा झाडं तोडायला माणसं येऊन उभी राहिल्यावर. पुण्यातली वेताळ टेकडी नियोजित रस्त्यापासून वाचवण्यासाठी २०२३ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, त्याच्या आधी आणि नंतरही हरकती, नकाशे, कागद यांचं काम चालूच होतं. मोर्चा किंवा धरणं धरायचं तर स्थानिक पोलीस ठाण्याला काही दिवस आधी लेखी अर्ज द्या: ठिकाण, वेळ, अंदाजे संख्या, दोन जबाबदार व्यक्तींची नावं. पोहोच इथेही. गोपनीय शाखेचा हवालदार फोन करून "किती लोक येणार?" विचारेल, खरा आकडा सांगा. शहरात जमावबंदीचा आदेश, पोलीस कायद्याचं कलम ३७, लागू आहे का ते विचारून घ्या. नोटीस हातात आली तर घाबरायचं नाही, ती प्रतिबंधात्मक समज असते. सही करा, फोटो काढा, गटाला कळवा. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी लागते. एक जण फक्त व्हिडिओसाठी, एक जण फक्त पोलिसांशी बोलायला, तिसऱ्या कोणी मध्ये तोंड घालायचं नाही. बाईला सूर्यास्तानंतर अटक करायला खास कारण आणि दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे दोन मुद्दे आपल्या बायकांना आधी सांगून ठेवा, म्हणजे व्हॅन बघून पळापळ होत नाही.

यजमानांना पक्षाचं काम, प्रचार, पक्षाचं सदस्यत्व यांची सेवानियमांनी बंदी आहे. तुम्हाला नाही. फक्त दोन गोष्टी पाळा: निवेदनांवर संपर्कासाठी, ग्रुपच्या अ‍ॅडमिनमध्ये, परवानगीच्या अर्जावर त्यांचं नाव किंवा नंबर टाकू नका, आणि शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुमचे मेसेज त्यांना पुढे पाठवायला लावू नका. रस्त्याच्या दिव्यासाठी रहिवासी म्हणून त्यांनी सही केली तर काही बिघडत नाही.

नावाचं म्हणाल तर मंच, प्रतिष्ठान, फाउंडेशन यांतलं काही नको. त्याने नोंदणी झाली आहे का असा प्रश्न पहिल्याच टेबलावर येतो, आणि पदाधिकारी नेमायची हौस सुटते ती वेगळीच. रस्त्याचं नाव आणि पुढे "रहिवासी" एवढं पुरे. लेटरहेड आणि व्हिजिटिंग कार्ड छापून घ्यायला कोणी निघालं तर त्याला सोमवारी फाइल बघायला पाठवा.